राऊत मॅडमना न आलेलं उत्तर

आज लॅबमध्ये तापल्या लोखंडाचा वास आला आणि २०१६ सालचा बोर्डीतला आमचा बारावीचा वर्ग आठवला.

फिजिक्सच्या राऊत मॅडमनी चुंबकाला चिकटलेली लोखंडी तार बर्नरने तापवली. ती लालभडक झाली आणि गळून पडली. मॅडम म्हणाल्या, "लोखंडात चुंबकत्वाचे बारीक बारीक भाग असतात, मध्ये भिंती असतात. फार तापलं की सगळं नाहीसं होतं."

मी गंजाडसारख्या लहान गावातली, वर्गात कधी न बोलणारी. तरी तोंडातून निघून गेलं, "मॅडम, त्या भिंती एकदम जातात, की आधी विरत जातात?"

मॅडम म्हणाल्या, "मला नाही माहीत गं. तू शोध आणि मला सांग."

वर्ग हसला. मलाच त्यांच्यासाठी ओशाळल्यासारखं झालं.

बारावीनंतर बाबा माझं शिक्षण थांबवणार होते. हे कळल्यावर एका रविवारी मॅडम एसटीने आमच्या घरी आल्या आणि त्यांना म्हणाल्या, "हिला शिकू द्या. ही मला प्रश्न विचारून अडवते."

बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, "शिक."

आज मी त्याच भिंतींवर संशोधन करते. तापमान वाढत गेलं की त्या रुंदावत, विरत जातात. मॅडमनी त्या दिवशी काहीतरी ठोकून दिलं असतं, तर मी मान डोलावून खाली बसले असते.