अजनीच्या पुढचं स्टेशन

"भुसावळ, बडनेरा, आमला, बल्लारशा, अजनी," खिडकीचा गज धरून पप्पा म्हणाले आणि गाडी हलली. आम्ही नवराबायको कायमचे इस्राएलला निघालेलो, आणि निरोप काय, तर स्टेशनांची नावं! शेजारी उभे वामनकाका ओरडले, "रडू नोको वं पोरी, आम्ही आहोत न यायच्यापाशी!" सुनंदा, तुझ्या बाबांचा तो आवाज अजून कानात आहे.

तुला आठवतंच असेल. नागपुरात आम्ही बेने इस्राएल यहुदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दहा पुरुष जमल्याशिवाय तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडत नाहीत, म्हणून पप्पा शनिवारी रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात त्या आठवड्याचा पाराशा, म्हणजे तोराचा नेमलेला भाग, मराठी पुस्तकातून वाचायचे. ऐकायला घरचे आणि वामनकाका. पावसाळ्यात एक पाराशा यायचा, त्यात मोशेच्या मागे गुलामीतून निघालेल्या आमच्या पूर्वजांच्या वाळवंटातल्या मुक्कामांची नुसती नावं. इथून निघाले, तिथे उतरले. मला जांभयांवर जांभया. आई म्हणायची, "गाळा की हो थोडी."

"ज्या गावानं निजायला जागा दिली, त्याचं नाव काहून गाळायचं?" पप्पा मूळचे अलिबागचे, पण 'काहून' अस्सल नागपुरी! मग शेवटी आपल्या बदल्यांची गावं जोडायचे आणि अजनीवर थांबायचे. पुढचं नाव यरुशलेम, ते पोचल्यावरच घेणार.

पोचणं झालं नाही. आधी आजी अंथरुणाला खिळली. तिला टाकून जाणं त्यांना शक्यच नव्हतं. ती गेली, तर रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी पप्पांच्याच हृदयावर बोट ठेवलं. एवढा प्रवास झेपणार नाही म्हणाले. वामनकाका तर चिडलेच. "मोशेले देवानं डोंगरावरून देश दाखवला, मंग जाऊ काहून नाही देलं गा? आमचेबी वाट दाखवणारे दीक्षा देऊन असेच लवकर गेले."

"लोक पोचले ना, वामन," पप्पा म्हणाले. मला असा संताप आला! भांडा की देवाशी. पण त्या माणसाच्या तोंडून तक्रारीचा शब्द नाही. एवढं मोठं मन मी पुढे कुठेच पाहिलं नाही.

इस्राएलमधल्या डिमोना गावात सुरुवातीला जीव रमेना. दाराबाहेर रेती, उल्पानमध्ये हिब्रू शिकताना जिभेच्या गाठी, संध्याकाळी मात्र जिन्यात बसून आम्हा बेने इस्राएल बायकांच्या मराठीत गप्पा. काही वर्षांनी लेकरांना घेऊन नागपूरला आले, तेव्हा नेमका तोच पाराशा होता. पप्पा थकले होते, तरी एक मुक्काम गाळला नाही. अजनी आली. मी पुस्तक मिटायला हात पुढे केला.

"डिमोना," पप्पा म्हणाले.

वामनकाका हसले. "तुम्ही कधी गेले गा तिथं?"

"पोरगी गेली न."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडावर धरून रडले.

ते त्यांचं शेवटचं वाचन. आता डिमोनाच्या घरात मी वाचते, आणि शेवटची नावं लेकरं घोकतात. परवा धाकटीनं घाईघाईत अजनी गाळली. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मला एक नाव सांगता येत नाही, आणि ही खुशाल गाळते!

"काहून गाळलं गं?" मी म्हटलं. "म्हण पुन्हा. भुसावळपासून."