रिकाम्या अंगणातली हाक

भुताचा पिक्चर लागला की मला हमखास झोप लागते, यावरून माझा असल्या गोष्टींवर किती विश्वास ते समजून घ्या. मला जागं ठेवतात ते चार पोरांनी उसन्या कॅमेऱ्यावर काढलेले छोटे सिनेमे. हिरो नाही, गाणी नाही. दहा मिनिटं एक म्हैस रवंथ करते आणि मी डोळे न मिटता बघतो. आमची ही म्हणते, "म्हशीच बघायच्या तर गावी जा ना. टीव्ही काहून तापवता?"

तर हिंगोलीतलं आमचं घर, रविवारची दुपार. साखऱ्याहून दाजी आले होते — माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. अक्का जाऊन दोन वर्षं झाली. जेवताना दाजी सहज बोलल्यासारखे बोलले, "फोटो लई हायेत, पाव्हणं. पण तिचा आवाज ध्यानात येत न्हाई आता. लई आठवून पाह्यलं."

अक्का फोनवर बोलायलाच लाजायची. तिचं एकही रेकॉर्डिंग कुणाकडं नाही. मी पिक्चर लावला. माझ्याकडं दुसरं औषध नसतंच.

दाजी सतरंजीवर लवंडले, घोरायलाही लागले. पिक्चर कोकणातला. या सिनेमांचा आवाज फार बारीक असतो, म्हणून मी रिमोट दाबून पूर्ण वाढवला. पडद्यावर रिकामं अंगण... दोन कोंबड्या... बराच वेळ तेच. आणि बाईचा आवाज आला —

"आवं, हात धुवा की. भाकर निवून राहिली."

कोकणात असं कोण बोलतं, हे माझ्या डोक्यात यायच्या आधीच दाजी झोपेतच "व्हय, आलो" म्हणत उठले, मोरीत गेले आणि नळ सोडला.

ही चहाची गाळणी हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाहेरच्या दाराकडं बघून म्हणाली, "अक्का..." आणि थांबली.

दाजी ओले हात तसेच धरून उभे. आता पूर्ण जागे. मी घाईघाईनं पिक्चर मागं घेतला. अंगण, कोंबड्या, वारा. बाईचा आवाज नाही. पुन्हा मागं घेतला.

"राहू द्या, पाव्हणं," दाजी म्हणाले. "काहून शोधून राहिले? तशीच बोलायची ती. आलं ध्यानात."

नंतर मी पिक्चर काढणाऱ्या पोराला मेसेज केला, त्या अंगणाच्या शॉटला बाईचा आवाज कुणाचा म्हणून. त्याचं उत्तर आलं, "काका, त्या शॉटला माइकच बंद पडला होता. वाऱ्याचा न् कोंबड्यांचा आवाज नंतर टाकला. आणि आमच्यात बाई कुणीच नव्हती."

तिघांना एकदम भास झाला म्हणा... चालेल, मी वाद घालत नाही. आयुष्यभर पिक्चर पाहूनही या एका शॉटचा उलगडा मला झालेला नाही. तो पिक्चर मी अजून लावतो. कोंबड्याच असतात. फक्त ते अंगण आलं की ही गॅस बारीक करते आणि दारात येऊन उभी राहते.