अठ्ठ्याहत्तर किलोंचे कप्तान

विमा कंपनीत उभी हयात दुसऱ्यांच्या अपघातांच्या फायली तपासून ते निवृत्त झाले. कप्तान हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं आणि इतक्या वेळा सांगितलं होतं, की लोकांनी शेवटी कंटाळून मान्य केलं.

निवृत्तीनंतर त्यांनी तीनचाकी मोटारसायकल घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक. का घेतली, असं कुणी विचारलं की ते तंत्रज्ञानावर व्याख्यान देत. खरी गोष्ट अशी, की आधीची दुचाकी सिग्नलला उभी असताना, म्हणजे वेग शून्य असताना, त्यांना घेऊन आडवी झाली होती. बघायला अख्खा चौक हजर होता.

गाडी ताब्यात घेताना मेकॅनिक म्हणाला, "साहेब, मागचं स्प्रिंग तुमच्या वजनाप्रमाणे लावून देतो. आधीच दाबून कडक ठेवलं की गाडी ओझ्याखाली बसत नाही. वजन किती तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर," कप्तान पोट आत ओढून म्हणाले.

बायकोला ठसका लागला. अठ्ठ्याहत्तर किलोंचे कप्तान तिनं पाहिले होते, नाही असं नाही. पण तेव्हा त्यांची मुलगी बालवाडीत होती. आता मुलीची मुलगी बालवाडीत जात होती.

"मॅडम मागे बसणार का?"

"हिला काय धरायचं? चिमणीएवढी तर आहे."

मेकॅनिकनं एकदा कप्तानांकडे पाहिलं, एकदा मागच्या चाकाकडे. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा! त्यानं आकड्यासारखा पाना स्प्रिंगच्या कड्यात अडकवला, कडं दुसऱ्या खाचेवर आणलं आणि हात पुसले. खाचा पाच होत्या.

पुढच्या रविवारी तीनचाकीवाल्यांच्या क्लबची सहल निघाली. सगळे निवृत्त, सगळ्यांच्या अंगात कातडी जाकिटं आणि सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. पहाटेच्या अंधुक उजेडात कप्तान सर्वांत पुढे, मागच्या सीटवर बायको. मागचं स्प्रिंग पार दबल्यामुळे गाडीचं नाक वर झालं होतं आणि दिवा समोरच्यांच्या थेट डोळ्यांत जात होता. समोरून येणारे ट्रकवाले दिवे मिचकावून शिव्या देत होते.

"बघ, सलाम करतायत," कप्तान म्हणाले आणि त्यांनी हात उंचावून एकेकाचा सलाम स्वीकारला.

वळणावर पुढची चाकं हलकी पडायची. हँडल वळवलं तरी गाडी अंमळ विचार करून मग वळायची. पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्र असा आवाज आला आणि बायकोच्या माकडहाडातून कळ थेट मानेपर्यंत गेली.

"अहो, गाडी खाली टेकतेय."

"रस्ता वर आलाय," कप्तान म्हणाले.

चहाला थांबले तेव्हा क्लबचे अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य, वाकून गाडीचं पोट बघू लागले. "कप्तान, खाली चांगलंच घासलंय की! स्प्रिंग लावून घेतलं नाही का?"

सगळे गोळा झाले. कप्तानांनी घसा साफ केला. "स्प्रिंग उत्तम आहे. ही मागे बसली की गाडी बसते. बायकांच्या वजनाचं काय बोलणार!"

चार-पाच जण हसले. आठवड्यापूर्वीची चिमणी एका रात्रीत म्हैस झाली होती. बायकोनं चहाचा शेवटचा घोट घेतला, आपलं हेल्मेट कप्तानांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मी सामानाच्या मोटारीत बसते. तुम्ही व्हा पुढे."

सामानाची मोटार दंतवैद्यांची बहीण चालवत होती. दोघी पुढच्या सीटवर आरामात बसल्या. हॉटेलातून रस्त्यावर यायच्या तोंडाशीच एक गतिरोधक होता, आणि अख्खा क्लब गाड्या चालू करून कप्तानांच्या मागे उभा होता. कप्तान एकटे निघाले. ओझं गेलं होतं, मागची सीट रिकामी होती, सूर्य चांगला वर आला होता.

खर्रर्र.

यावेळी कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं. कप्तान मागे न बघता निघून गेले. त्यांचे कान हेल्मेटच्या आत लाल झाले असावेत. बाहेरून फक्त मान आखडलेली दिसत होती.

सोमवारी ते एकटेच गॅरेजमध्ये गेले आणि मेकॅनिकच्या कानात काहीतरी पुटपुटले. मेकॅनिक भला माणूस. त्यानं आकडा मोठ्यानं उच्चारला नाही. मुकाट्यानं कडं पाचव्या खाचेवर नेलं. क्लबात कप्तानांनी जाहीर केलं, की लांबच्या प्रवासात सामान फार असतं, म्हणून स्प्रिंग कडक केलंय.

बायको मात्र पुन्हा कधी मागे बसली नाही. नोकरीभर तिनं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये स्कूटरवरून ये-जा केली होती. एका दुपारी तिनं किल्ली उचलली, गल्लीतून चक्कर मारून आली आणि म्हणाली, "अहो, फार उडवते ही. माझ्यासारखीला कडक पडतं." तिनं गाडीबरोबर मिळालेला पाना घेतला, खाली बसून कडं सैल केलं आणि दंतवैद्यांच्या बहिणीकडे निघून गेली.

आता ती हवी तेव्हा गाडी नेते आणि स्प्रिंग आपल्या वजनाला लावून ठेवते. कप्तानांना कुठं जायचं असेल तर आधी पार्किंगमध्ये ओणवं होऊन ते पुन्हा कडक करावं लागतं. येणारे-जाणारे विचारतात, "काय कप्तान, बिघाड?"

"सेटिंग," कप्तान धापा टाकत सांगतात. "तंत्रज्ञान आहे हे. बायकांना नाही कळायचं."