फ्रीजर वर हवा की खाली?

फ्रिज विकणाऱ्या माणसाकडे गोष्टी आपोआप साठतात. टीव्ही घ्यायला आलेला माणूस टीव्हीकडे बघतो, वॉशिंग मशीनवाला किमतीकडे बघतो. फ्रिजवाला मात्र दार उघडून रिकाम्या कप्प्यांसमोर उभा राहतो आणि न विचारता घरातलं सगळं बोलून टाकतो! मी नागपुरात वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये फ्रिजच्या सेक्शनला आहे. गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "फ्रीजर वर हवा की खाली?" त्यावर लोक जे सांगतात ते घरी जाऊन सांगायची सोय नाही. नवरा म्हणतो, "तू फ्रिज विकते का भुतं?"

आता गप्पा निघाल्याच आहेत, तर ऐका.

*

आमच्या सेक्शनला मी, जुने सेल्समन बावणे काका आणि डिलिव्हरी-दुरुस्ती बघणारे वसीमभाई. डिस्प्लेला मांडलेल्या फ्रिजना आम्ही करंट देत नाही. वायर मागे गुंडाळलेली असते.

एका रविवारी चांगली गर्दी होती. एका काकूंनी कोपऱ्यातल्या फ्रिजचं दार उघडलं आणि आत लाइट लागला. "छान उजेड आहे हो!" काकू म्हणाल्या. मी मागे जाऊन पाहिलं. वायर फॅक्टरीतून आली तशीच, टेपसुद्धा काढलेली नाही. मी आत हात घातला. गार!

मी घाबरून बावणे काकांना बोलावलं. त्यांनी वायर पाहिली, लाइट पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "चूप राह्य वं. काही बोलू नको. विकून टाकू."

विकला. दोन-चार दिवसांनी काकूंची तक्रार आली, फ्रिज थंड करत नाही, लाइटही लागत नाही. वसीमभाई जाऊन आले. मी विचारलं, "झाला का सुरू?"

"हो ना मॅडम. प्लग काढल्यावरच चालते!"

*

मनीष नगरचं एक जोडपं आलं. नवरा म्हणे वरच्या फ्रीजरचा घेऊ, स्वस्त पडतो. बायको ऐकेना. "फ्रीजर खालीच पाहिजे. भाजीचा ट्रे वर आला पाहिजे. आईले वाकता येत नाही, गुडघे गेले त्यांचे." सासूची एवढी काळजी करणारी सून पाहून मला भरून आलं. मी चांगला डिस्काउंट काढून दिला.

डिलिव्हरीला वसीमभाई गेले. हॉलमध्ये सासूबाईंचा फोटो, त्याला हार, आणि हार काही नवा नव्हता. सुनेनं फ्रिज फोटोसमोरच लावून घेतला, भाजीचा ट्रे ओढून दाखवला आणि म्हणाली, "पाहा आई, आता वाकाचं काम नाही."

वसीमभाईंनी डिलिव्हरीच्या कागदावर सही घेतली. नवरा त्यांना खालपर्यंत सोडायला आला. जिन्यात हळूच म्हणाला, "तिच्यासमोर कोणी काही बोलत नाही जी. डॉक्टरनं सांगितलं, हळूहळू कमी होईल."

"होईल, होईल," वसीमभाई म्हणाले.

"पण भाऊ, एक सांगू का?" नवरा थांबला. "आम्ही दोघं ड्युटीवरून येतो ना, तर मेथी निवडलेली असते!"

*

सगळ्याच गोष्टी खऱ्या नसतात, बरं का. मिहानमधल्या एका कंपनीतला इंजिनियर होता. त्याच्या फ्रिजचं दार आपोआप उघडायचं. आईनं लिंबू-मिरची लावली, मावशीनं कोणाला तरी बोलावून धूप फिरवला. शेवटी आमच्याकडे फोन.

वसीमभाईंनी जमिनीवर उतार मोजायची लेव्हल ठेवली आणि हसायला लागले. फ्रिज पुढे झुकलेला होता! पुढचे पाय जरा वर घेतले, दार बंद. इंजिनियर ओशाळला. "मले वाटलंच होतं जी, सायंटिफिक कारण असंल."

आठवड्यानं त्याचा परत फोन आला. वसीमभाई म्हणाले, "आता काय झालं? उघडून राहिलं का परत?"

"आमचं नाही जी," इंजिनियर म्हणाला. "शेजाऱ्याचं!"

*

हिंगण्याला एक बाई एकट्या राहतात. नवरा तिथल्याच कारखान्यात शिफ्टला जायचा. तो वारल्यानंतर त्यांनी धाकट्या भावाच्या आग्रहानं नवा फ्रिज घेतला. थोड्याच दिवसांत त्यांची तक्रार आली. बावणे काकांनी फोन घेतला आणि मला हातानं खूण करून स्पीकर लावला.

"फ्रिज घोरते," बाई म्हणाल्या.

"आवाज करते म्हणा, बाई."

"आवाज मले समजते ना, जल्म गेला ऐकण्यात! घोरते. मधात थांबते, श्वास घेते अन् परत घोरते."

वसीमभाई गेले. कॉम्प्रेसरखालचं रबर दबलं होतं. बदललं. आवाज बंद. बाईंनी चहा पाजला, दोन संत्री हातात दिली.

पुढच्याच आठवड्यात बाईंचा परत फोन. या वेळी आवाज अगदी बारीक. "भाऊ, होतं तसं करून द्या ना. झोप येऊन नाही राहिली."

वसीमभाई म्हणजे दिलदार माणूस. जुनं रबर शोधून घेऊन गेले. बसवलं, ढिलं करून पाहिलं, काढून पाहिलं. फ्रिज काही केल्या आवाज करेना. बिचारे तोंड पाडून परत आले. "आपल्याले नाही जमलं मॅडम," मला म्हणाले. बाईंचं काम झालं नाही, या विचारात त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच फोन केला. आभार मानायला.

"उपकार झाले भाऊ. काल लई दिवसांनी गाढ झोपली मी!"

वसीमभाई खूश झाले. "म्हणजे फ्रिज घोरला?"

"फ्रिज कायले घोरंल?" बाई म्हणाल्या.

*

धंतोलीत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत एक काकू पेशंटच्या नातेवाइकांना खोल्या देतात. कोणी यवतमाळचं, कोणी गडचिरोलीचं. सगळ्यांना मिळून पॅसेजमध्ये एक फ्रिज. जो तो आपल्या डब्यावर टेप लावून पेशंटचं नाव लिहितो. काकूंना मोठा फ्रिज हवा होता. मी खालच्या फ्रीजरचा सुचवला, म्हणजे डबे हाताशी राहतात.

"ते बराबर आहे," काकू म्हणाल्या. "डबे लई होतात. पेशंट गेला का नातेवाईक तसेच निघून जातात. डब्याचं भान राहते का तेव्हा? मग मी काढते, अन्न गाईले टाकते अन् डबा मोरीत ठेवते."

"मग घासायचं कामही तुम्हालाच!"

"नाही वं. सकाळी पाहते तर घासून, पुसून, ओट्यावर पालथा असते."

"कामवाली लवकर येत असेल."

"कामवाली कुठं आहे मले? ज्याच्यासाठी डबा आला होता, तोच घासून ठेवत असंल. खेड्यातली माणसं. जेवलेलं भांडं तसं टाकून जात नाहीत."

"काकू, भीती नाही वाटत?"

काकूंनी जरा विचार केला. "भीती कायची? साबण तेवढा लई लागते!"

*

आता ही शेवटची. ही मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

मे महिना सुरू होता. एक जोडपं फ्रिज बघायला आलं, तिशीतलं. तिचं नाव मेघा. तिला खालच्या फ्रीजरचाच हवा होता. नवऱ्याचं म्हणणं, दोन माणसांना काय करायचा एवढा, आहे तसाच वरच्या फ्रीजरचा घेऊ.

"वरच्याले हात पुरत नाही तिचा," मेघा म्हणाली. "स्टूल ओढत न्यावं लागते. बर्फ लई आवडते तिले."

"किती वर्षांची आहे मुलगी?" मी सहज विचारलं.

नवरा उठून वॉशिंग मशीनच्या सेक्शनला निघून गेला. मेघानं खालचा ट्रे बाहेर ओढला, खाली बसली, आपला हात लहान पोरीच्या उंचीएवढा वर धरला आणि ट्रेच्या काठाशी मापून पाहिला. "पुरते," ती म्हणाली आणि हसली. मी बिल बनवायला घेतलं.

एक्सचेंज ऑफर होती. वसीमभाईंनी नवा फ्रिज लावला आणि जुना, वरच्या फ्रीजरचा, शहराबाहेर वाडीला असलेल्या आमच्या गोडाऊनला आणून ठेवला. प्रवासात दारं उघडू नयेत म्हणून बांधलेली दोरी तशीच राहिली.

काही दिवसांनी मी आणि बावणे काका स्टॉक बघायला गोडाऊनला गेलो. भर दुपार, वर पत्रे, घामानं जीव नकोसा झालेला. वसीमभाई दारातच उभे होते. आत यायला तयार नव्हते.

"काहून गा वसीम, काय झालं?" काकांनी विचारलं.

"ऐका," ते म्हणाले.

टक, टक. जरा थांबून परत, टक, टक. एक्सचेंजमध्ये आलेल्या फ्रिजच्या रांगेतून.

"लोखंड तापलं का वाजते," काका म्हणाले आणि पुढे गेले. आवाज मेघाच्या जुन्या फ्रिजमधून येत होता, वरच्या दारामागून. काकांनी फ्रिजच्या पत्र्यावर हात आपटला, तीनदा. आतून तीनदाच वाजलं.

काकांनी हात मागे घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मी मेघाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "ताई, शोरूममधून बोलतेय. तुमच्या जुन्या फ्रिजमध्ये काही राहिलं होतं का?"

तिनंच उलट विचारलं, "वाजवते का?"

"हो," वसीमभाई म्हणाले.

"देवा!" मेघा रडायलाच लागली. "अन् मी घरभर पाहून राहिली! फ्रिज नेला तवापासून घर कसं मुकं झालं. मले वाटलं, नवा आवडला नाही तिले, रागावली."

"ताई, कोण?" मी विचारलं.

"दार उघडा ना जी लवकर! वरचं. आतून नाही पुरत तिचा हात."

वसीमभाईंनी पुढे येऊन दोरीला हात घातला. गाठ सुटेना, शेवटी त्यांनी दोरी कापली. काकांनी फ्रीजरचं दार ओढलं. करंटशिवाय इतके दिवस त्या उन्हाळ्यात पडलेला फ्रिज, आणि आत पांढराशुभ्र बर्फ! कोवळा, नुकता धरलेला. बाकी काहीच नव्हतं.

गार हवा खाली आली. माझ्या चेहऱ्याला लागली नाही. कमरेच्या जरा खालून, साडीला घासून, ती शटरच्या दिशेनं गेली. दारातली धूळ हलली.

"उघडलं?" फोनमधून मेघानं विचारलं.

"उघडलं," मी म्हटलं. "ताई, आत तर कोणीच..."

तेवढ्यात पलीकडे तिच्या दारावर कोणीतरी थापा मारल्या. अगदी खालच्या बाजूला, भराभर.

"ठेवते हं ताई," मेघा म्हणाली. "आली!"