चिंचेतले दोन च

कुणाशीही ओळख झाली की चिंचताई आधी नाव विचारायच्या आणि ते नीट उच्चारता येईपर्यंत पुढचं बोलायच्या नाहीत. त्या मूळच्या पुण्याच्या, राहायला नेदरलँड्समधल्या न्यूनेनला, शेजारच्या आइंडहोवनच्या, चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. "यंत्रात केसाएवढी चूक चालत नाही, मग माणसाच्या नावात का चालावी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

करोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमची गाठ पडली. चीनची विमानं जवळपास बंद, म्हणून इथल्या विद्यापीठांतले चिनी विद्यार्थी सुट्टीत अडकून पडले होते. त्यांच्यासाठी न्यूनेनच्या एका सभागृहात नेतृत्व शिबिर भरलं. दीड मीटरवर खुर्च्या, खिडक्या उघड्या, तोंडावर मास्क. मी नायमेखनहून स्वयंसेविका म्हणून आले, ती पिशवीत वंशद्वेषाविरुद्धचं स्वतः लिहिलेलं पत्रक घेऊनच. आमच्या घरात मुलं बाराखडीआधी पत्रकं वाचतात. ताईंनी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"झकास आहे, पत्रकबाई. आता त्या खिडकीजवळच्या मुलीचं नाव सांग."

बिल्ल्यावर 'सिंडी' होतं. तेच सांगितलं.

"ते इतरांच्या सोयीसाठी. खरं विचारून ये."

मी विचारून आले आणि तळहातावर लिहून आणलेलं वाचलं, "चाययुन."

"चहा नाही पाजत गं ती! चिंच म्हण बघू. दोन्ही च सारखे आहेत का? तिचा च दुसरा."

जन्मापासून जिभेवर असलेला तो फरक मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. त्या दिवसापासून त्या चिंचताई.

समारोपाला चाययुन भाषण करणार होती. आदल्या दिवशी सुपरमार्केटमध्ये एकाने तिच्याकडे पाहून "करोना" म्हटलं आणि ट्रॉली वळवली. रांगेतल्या कुणीही तोंड उघडलं नाही. ती परत आली आणि म्हणाली, "माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला उभं करा." मी पेटले. पत्रकाच्या प्रती काढायला निघाले. ताईंनी अडवलं नाही. "वाटून ये. पण उद्या हिला व्यासपीठावर बोलावणार कोण, आणि काय म्हणून?"

बोलावणार होते नगरपालिकेचे एक पाहुणे. समारंभाआधी त्यांनी यादीतल्या C ने सुरू होणाऱ्या नावावर बोट ठेवलं. "काय-युन?"

"मुलीचं नाव काय, तर काय!" ताई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

शिबिराचे समन्वयक म्हणाले, "सिंडीच ठेवू. सोपं पडतं."

"कुणाला?" ताईंनी विचारलं. मग त्या पाहुण्यांकडे वळल्या. "सायकलला तुम्ही दिवसभर फीट्स म्हणता ना? त्या फीट्सचं शेपूट तोडा आणि तिच्या नावाच्या तोंडाला लावा." तो भला माणूस दीड मीटरवरून, मास्कमधून, "फीट्स, ट्स, ट्स" करत राहिला. जमेपर्यंत ताईंनी त्याला सोडलं नाही.

मग चाययुनला म्हणाल्या, "तुझं नाव नीट घेतलं जाईल. उठायचं की नाही, ते तू ठरव."

नाव पुकारलं गेलं, अगदी बरोबर. ती हलली नाही. पाहुण्यांनी पुन्हा तसंच म्हटलं. तेव्हा ती उठली आणि माइकशी गेली. "काल दुकानात मला एक नाव मिळालं. ते माझं नाही. माझं तुम्ही आत्ता ऐकलंत." मग तिने सभागृहात नजर फिरवली. "आता एका बाईंनी उभं राहावं. ज्यो... ज्योत्... ज्योत्स्ना." जोडाक्षरापाशी जीभ अडखळली, पण तिने ते सोडलं नाही.

ताई उठल्या. कंपनीत त्यांना सगळे 'यो' म्हणत. डच माणूस ज चा य करतो आणि पुढचं गाळून टाकतो. साऱ्या जगाच्या नावांसाठी भांडणाऱ्या या बाईने स्वतःसाठी कधी तोंड उघडलं नव्हतं. मास्कच्या वर त्यांचे डोळे भरले होते.

सोमवारी कंपनीच्या मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं म्हणे, "यो नाही, ज्योत्स्ना. सावकाश शिका, मी थांबते."

पुढे आईच्या आजारपणामुळे त्या पुण्याला परतल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, "पत्रकं लिहीत राहा. फक्त आधी हजेरी घे."

मी दोन्ही करते. शिबिरात नवं कुणी "सोपं वाटेल ते म्हणा" असं म्हणालं, की बिल्ला कोरा ठेवते आणि थांबते.