मालसुनने गिळलेला घास

मालसुन माझी धाकटी जाऊ. कोरियातल्या हेनामजवळच्या आमच्या गावात किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, मीठ-तिखट पारखावं तर तिनेच. डिसेंबर लागला की अंगणात खारवलेल्या कोबीचे ढीग पडतात, बायका मसाला कालवतात आणि वाडगा तिच्यापुढे धरतात. ती म्हणेल तेवढं मीठ. थोरली मी, पण मला कुणी विचारत नाही. एकतीस वर्षं हे माझ्या पोटात दुखतंय, आता लपवून काय करू?

तिच्या नावाचा अर्थ ‘शेवटची मुलगी’. पुढे मुली नकोत म्हणून आईबापांनी ठेवलेलं. त्यानंतर आणखी दोघी झाल्या. ती स्वतःच सांगायची आणि हसायची, “माझं कधी कुणी ऐकलंय का?”

वसंतात तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. आम्हाला तेवढंच माहीत. यंदाही ती आली, पण घास गालात धरायची, चव सांगायची आणि हळूच कागदात थुंकायची. मी ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

“मोठ्या दवाखान्यातून आल्यापासून आपल्या हातचं चालत नाही वाटतं बाईसाहेबांना!”

किमची घालताना शेजारणीने घास पुढे केला की तोंड उघडायचं, नाही म्हणायचं नाही, अशी आमची रीत. मी कोबीचं जाड पान घेतलं, त्यात मुळ्याचा कीस आणि दोन कालवं गुंडाळली. “आ कर!” सगळ्या बघत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ चावलं आणि गिळलं.

दुपारी ती आतल्या खोलीत आडवी दिसली. मी तणतणत गेले, “भांडी काय मी एकटीने घासू?”

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने सदरा वर केला. बेंबीच्या उजवीकडे एक पिशवी चिकटवलेली होती, अगदी चपटी.

“आतड्याचं तोंड इथून बाहेर काढलंय, ताई. पिशवी दिवसभर भरत असते. आज चार तास झाले, काही उतरलं नाही. कळा येताहेत.”

“म्हणजे?”

“अडकलंय.”

उशीखालून तिने आहार सांगणाऱ्या बाईंचा कागद काढला. कच्चा कोबी, मुळा, मश्रूम, समुद्री शेवाळ, सुकवलेलं पर्सिमनचं फळ, सगळ्यावर फुल्या. आमचं अख्खं स्वयंपाकघर त्या फुल्यांमध्ये गेलं होतं. खाली लिहिलं होतं: थोडं थोडं खा, लगदा होईपर्यंत चावा, नुसतं पाणी ढोसू नका, मिठाचं पेय घ्या. अडकलं तर कोमट काही प्या, पोट चोळा, गुडघे पोटाशी घ्या. उलटी झाली तर तोंडात काही न घेता दवाखाना गाठा.

मी दिराला गाडी काढायला सांगितली. हात तीनदा धुतले तरी मिरचीची आग जाईना, म्हणून कापडावरून पोट चोळू लागले. कळ आली की ती बाही चावायची. पिशवी तशीच. मी हिला मारलं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. उलटी होऊ नये म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि मग पुन्हा पिशवीकडे.

“गाडी आणली!” दीर बाहेरून ओरडला. तिला उठवायला मी हात घातला, तोच पोटात गुडगुडलं. माझ्या हाताखाली पिशवी गरम झाली. पाणी आलं, मग मुळ्याचे लाल दोरे, आणि ती भरतच गेली. मालसुनने मोठा श्वास सोडला. मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी तिच्यावरच खेकसले.

“सगळ्यांचे घास थुंकलीस ना? मग माझाच का गिळलास, मूर्ख कुठची!”

“एकतीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच भरवलंत, ताई,” ती म्हणाली. “तो कसा थुंकू?”

तो घास मी कशासाठी भरवला होता, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.