न फोडलेलं पाकीट

ताईच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, मीच पाठवलेलं पाकीट काचेच्या फ्रेममध्ये टांगलेलं दिसलं.

पाकीट देखणं झालं होतं, हे माझं मीच सांगते. कोपऱ्यात नेच्याची पानं, कडेनं बोगनवेलीची फुलं आणि मधोमध मी रंगवलेला बुलबुल. पोस्टाचा शिक्का नेमका त्याच्या शेपटीवर बसला होता, पण तोही त्याला शोभत होता.

"आणि आतलं पत्र?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? एवढं सुंदर पाकीट फोडायचं?" ताई म्हणाली. "भांडणानंतर माझ्यासाठी इतका खटाटोप केलास, त्यातच सगळं आलं. मला समजलं गं."

भांडण आईच्या पितळी डब्यावरून झालं होतं. आणि आत होती तीन पानं, ताईच्या लहानपणापासूनच्या चुकांची.

नेच्याचं पान ताजं चिकटवलं तर कुजतं, कागदावर डाग पडतो. म्हणून मी एकेक पान जाड पुस्तकात आठ दिवस दाबून सुकवलं होतं. पत्र मात्र भांडणाच्या दुपारीच लिहिलं आणि पुन्हा न वाचता आत सरकवलं. रागही पुस्तकात घालून ठेवायची सोय हवी होती.

हल्ली मी ताईकडे वरचेवर जाते. तिला वाटतं, माझी माया वाढलीय. ते खोटं नाही. पण ती चहा टाकायला आत गेली, की मी आधी फ्रेमजवळ जाऊन पाकिटाचा डिंक सुटला नाही ना, ते बघून घेते.